कोरा फॉर्म

परदेशात इंटर्नशिप करून आल्यापासून रत्नागिरीत जो भेटतो तो विचारतो, "मग, काय शिकलीस तिकडे?" मी काहीतरी ठोकून देते. खरं उत्तर चारचौघांत सांगण्यासारखं नाही. माझ्या अतिशहाणपणामुळे तिथे एक म्हातारा रिकाम्या हाताने घरी गेला.

स्कॉटलंडमधल्या एका बंदराच्या गावात ती संस्था होती. गरजू लोकांना दर आठवड्याला किराण्याची पिशवी द्यायची. माझं काम टेबलाशी बसून फॉर्म भरण्याचं. घरात माणसं किती, कमाई काय, मदत घ्यायची वेळ का आली. हे विचारताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

माझी आई मासे विकते. आमच्या होडीला मासळी लागली की ती एक वाटा आधी बाजूला काढायची, शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरासाठी. तो पोचवायला मी जायची. "मागल्या दारी ठेव नि ये. काय कसं ता विचारीत बसू नको," ती दर वेळी बजावायची. घेणाऱ्याला खाली बघायला लागू नये, एवढंच तिचं म्हणणं.

हा म्हातारा पहिल्यांदाच आला होता. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, टोपी काढून हातात धरलेली. त्याला बघून मला फॉर्म पुढे करवेना. मी आतून पिशवी आणली, बाजूच्या दाराशी नेऊन त्याच्या हातात दिली आणि एका शब्दाने काही विचारलं नाही. दिवसभर स्वतःवर भलतीच खूश होते मी!

पुढच्या आठवड्यात मला गोदामात काम होतं. संध्याकाळी कळलं की तो येऊन गेला. फॉर्म कोरा म्हणून यादीत नाव नाही, आणि नाव नाही म्हणून पिशवी नाही. वाद न घालता तो निघून गेला होता. त्याला शोधायचं कुठे? पत्ताही फॉर्मवरच लिहायचा असतो. तो आठवडा मी कसा काढला, माझं मला ठाऊक.

तिसऱ्या आठवड्यात तो पुन्हा आला. मी त्याला खुर्चीवर बसवलं, माफी मागितली आणि सगळं विचारलं. घरात माणसं किती, या एकाच प्रश्नाला त्याने पंधरा मिनिटं घेतली. आता एक, थंडीपर्यंत दोन होती. मग बायकोचं आजारपण, तिची बाग, तिचं गाणं. मागे रांग खोळंबली तरी मी त्याला थांबवलं नाही. आमच्या वाडीत न विचारणं ही माया, कारण तिथे सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं. याच्याबद्दल त्या गावात कुणालाच काही ठाऊक नव्हतं. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोनवर हे सगळं रंगवून सांगितलं. चूक कशी निस्तरली, तो किती बोलला, मी कसं ऐकून घेतलं. माझं संपल्यावर ती म्हणाली, "अगो, पण मधला आठवडाभर त्याने खाल्लान काय?"

मला रडूच फुटलं. एवढं सगळं विचारलं मी त्याला, आणि हे विचारलं नव्हतं.