झोका थांबवणारा

हडपसरच्या जत्रेत जहाजाचा मोठा झोका चालवणारा तो माणूस मला एकदाच भेटला. साठीचा, खाकी शर्टातला. जहाज खालून गेलं की तो दांडा जरासा ओढायचा, तळाचं फिरतं चाक जहाजाला हलकेच रेटायचं, आणि एवढ्याशा जोरावर जहाज दर खेपेला आणखी वर चढायचं.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, लंबकाचं गणित मला पाठ आहे. पण वरच्या टोकाला गेलेली माझी बायको "मला उतरवा!" म्हणून किंचाळली आणि मी सगळं विसरलो.

"अहो, थांबवा ना आत्ता!" मी त्याच्यावर ओरडलो.

त्यानं जहाजावरची नजर हलवली नाही. "एकदम धरलं तर माणसं फेकली जातील, सायेब. जोर थोडा थोडा दिलाय, थोडा थोडाच काढून घ्यायला लागंल."

जहाज खाली आलं की तो क्षणभर ब्रेक दाबायचा, लगेच सोडायचा. माणसांनी भरलेलं ते धूड दर खेपेला हातभर कमी चढत गेलं आणि शेवटी एकही हिसका न देता उभं राहिलं.

बायकोला सावरून मी त्याच्याकडे वळलो. इतकी वर्षं फळ्यावर लंबक काढणारे माझे हात नकळत जोडले गेले. त्यानं ते पाहिलंही नाही. तो जहाजात नव्यानं बसलेल्या माणसांचे कमरेचे पट्टे ओढून बघत होता.