तात्यांची डावी गाठ

भुताखेतांचे किस्से मला कधीच पटले नाहीत. आमच्या घरात छप्पन्न सालापासून देव्हारा नाही, अंगारा नाही, नवस नाही... आणि माझं काम विमानाच्या वायरिंगचं. करंट असतो किंवा नसतो, मधलं काही नसतं. इथले अनुभव वाचून मी आजवर हसतच आलोय, खोटं कशाला बोलू? पण हा माझा स्वतःचा आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी यातला फॉल्ट मला सापडलेला नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट. कोल्हापूरला उजळाईवाडीच्या धावपट्टीकडेला पत्र्याचं हँगर होतं आणि त्यात एका कारखानदारांचं सहा आसनांचं छोटं विमान. एकच इंजिन, उडाल्यावर चाकं पोटात ओढून घेणारं. उतरताना चाकं खाली येऊन लॉक झाली की पायलटसमोर तीन हिरवे दिवे लागतात — दोन मागच्या चाकांचे, एक नाकाखालच्या चाकाचा. दिवा लागला नाही तर चाक लॉक आहे की नाही हे कळायला मार्ग नाही. आणि लॉक नसेल तर टेकताच ते दुमडतं, नाकावरचा फिरता पंखा जमिनीवर आपटतो. मग काहीही होऊ शकतं.

हे काम मला शिकवलं शामराव तात्यांनी. मलकापूरकडचे, शेतकरी घरातले, हवाई दलातून निवृत्त होऊन आलेले. पहिल्याच दिवशी न विचारता माझ्या डब्यातली भाकरी मोडून घेतली आणि कामाला लावलं. असा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही. वायरी एकत्र बांधायला ते मेणाचा दोरा वापरायचे. डावखुरे असल्यामुळे त्यांची गाठ आमच्या गाठीच्या उलटी वळायची. शंभर गाठींत ओळखू यावी. दोऱ्याऐवजी वापरतात त्या प्लास्टिकच्या टायचा भयंकर राग! मी लावला की कटरनं तोडून कचऱ्यात. "ह्यो वायरीला चावतोय, लेका. दोरा धरतोय." मीटरबद्दल म्हणायचे, "मीटर खोटं बोलत न्हाय, पर इचारलं तेवढंच सांगतंय."

त्यांचे दोन नियम होते. विमान जॅकवर उचलून चाकं तपासताना एकानं चाक हातानं मागं रेटून धरायचं आणि दुसऱ्यानं दिवा बघायचा. "जॅकवर वारं नसतंय की. वाऱ्याचं काम आपुनच करायचं." आणि दुसरा — लॉगबुकात ज्याची सही, त्यानं पहिल्या उड्डाणात मागच्या सीटवर बसायचं. ते स्वतः कधी चुकले नाहीत.

मग तात्यांना अर्धांगवायूचा झटका आला. नेमकी डावी बाजू गेली. हात उचलून मांडीवर ठेवला तर तिथंच पडून राहायचा. ते गावी गेले आणि हँगर माझ्याकडे आलं.

चार महिन्यांनी नाकाच्या चाकाचा दिवा सतवायला लागला. हवेत लागत नव्हता, खाली लागत होता. बल्ब बदलला, स्विच साफ केला, जॅकवर वीस वेळा चाकं वर-खाली केली. प्रत्येक वेळी तिन्ही हिरवे! मालकांना दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं होतं. चाक रेटायला माणूस हवा होता, पण आमचा स्टोअरकीपर पाटील जेवायला गेलेला. पंधरा मिनिटं थांबलो असतो तर काम झालं असतं. नाही थांबलो. चाकाच्या खोबणीत एका वळणावर वायरी सैल दिसल्या. मेणाचा दोरा महिन्यापासून संपलेला, म्हणून प्लास्टिकचा टाय लावला. वहीत तसं लिहिलंही — "दोरा नाही, टाय लावला." आणि लॉगबुकात सही ठोकली.

नियमाप्रमाणे मागच्या सीटवर बसलो. त्याच दिवशी दुपारी अडीचला चाचणीचं उड्डाण. पायलट कॅप्टन पुण्याचे, वयस्कर, शांत माणूस. पन्हाळ्यावरून वळलो, त्यांनी चाकं खाली सोडली... दोनच हिरवे. पुन्हा वर, पुन्हा खाली. दोनच. हातानं चाकं सोडायची आपत्कालीन सोय वापरून झाली. दोनच. धावपट्टीवरून अगदी कमी उंचीवर गेलो तेव्हा रेडिओवर पाटील ओरडला, "चाक खाली दिसतंय! पर लॉक हाय का न्हाय, ते कसं सांगू मी?"

कॅप्टन मागं न बघता म्हणाले, "कांबळे, सही तुमचीच ना?"

"हो सर."

त्यांनी फक्त मान हलवली आणि विमान पुन्हा घिरटीला घातलं. तेच जास्त लागलं. घरी माझी मुलगी सहा महिन्यांची होती. पण खरं सांगतो, त्या क्षणी तिच्या काळजीहून जास्त मला लाज वाटत होती ती कॅप्टनच्या पाठमोऱ्या मानेची. माझ्या पंधरा मिनिटांसाठी हा माणूस मरणार होता.

चाचणीपुरतंच भरलेलं इंधन संपत आलं. "उतरतोय. पट्टा घट्ट करा." धावपट्टी समोर आली. मी नुसता पुटपुटत होतो, "तात्या, चुकलो... तात्या, चुकलो." आणि तिसरा दिवा लागला. लुकलुकला नाही, थरथरला नाही. विमान थांबेपर्यंत तसाच, हिरवागार.

लगेच विमान जॅकवर घेतलं. मी टॉर्च घेऊन खोबणीत डोकं घातलं. वळणावर माझा टाय नव्हता. त्या जागी मेणाचा दोरा होता, नवा, पांढरा. आणि गाठ डावी.

पाटलानं वाकून बघितलं. "स्टोअरात दोरा न्हाय. आन् तू डावरा कवापास्नं झालास?"

या वेळी पाटलाला चाक रेटायला लावलं. कॅप्टन दिवा बघत होते. दिवा लागलेलाच. मग मी गाठीला धक्का न लावता पलीकडून दोरा कापला. पाटलानं परत रेटलं... दिवा गेला. वायर बाहेरून धड होती, आत तांबं तुटलेलं. वाऱ्यानं चाक मागं गेलं की टोकं सुटायची. दोऱ्यानं ती वळणावर आवळून धरली होती. माझा टाय कुठेच सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी ती गाठ काड्यापेटीत घालून मी तात्यांच्या गावी गेलो. काकींनी, म्हणजे तात्यांच्या पत्नीनं, दारातच सांगितलं, "सिदू, काल दुपारी अडीच-तीनच्या सुमाराला झोपंत त्येंचा डावा हात हालत हुता बघ. दोरा वडल्यागत. मी हाका मारल्या, तर जागं झालं आन् हात परत हुता तसा."

मी आत गेलो. काड्यापेटी तात्यांपुढे उघडली. त्यांनी उजव्या बोटांनी गाठ चाचपली, बराच वेळ. वाटलं, आता काहीतरी सांगतील. जीभ जड झालेली होती, तरी शब्द कळले.

"वाऱ्याचं काम... केलतंस?"

"न्हाय, तात्या."

"मग?"

एवढंच. गाठीबद्दल अवाक्षर नाही. तो हात पुन्हा कधी हलला नाही. दीड वर्षानं तात्या गेले.

टाय कुणी काढला, दोरा कुठून आला, गाठ कुणी मारली... मला माहीत नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा, चेष्टा केलीत तरी चालेल, मीही तेच करत आलोय. काड्यापेटी अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे. पण त्यानंतर आजपर्यंत चाक रेटून बघितल्याशिवाय मी सही केलेली नाही. पेन हातात घेतलं की आधी तो "मग?" ऐकू येतो.