गाडीच्या तोंडावरचा झेंडू

वडिलांची जुनी गाडी आता मी चालवते. मे महिन्यात तिला लांब न्यायचं तर आधी यादी करावी लागते. माझ्या भाचीने लग्नाला चर्चपर्यंत आजोबांच्याच गाडीतून जायचं ठरवलं, तेव्हा मी आठवडाभर आधी वही उघडली. रेडिएटर धुऊन घेतला. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, आतल्या नळ्या चोंदतात. म्हणून विकतचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरलं. फॅनबेल्टचा ताण पाहिला, रबरी पाइप बदलले, जाळीत अडकलेला पाचटाचा भुगा ब्रशने काढला. प्रत्येक ओळीपुढे खूण केली. शेवटची ओळ होती 'गाडी सजवणे'. भावाच्या मित्रांनी लग्नाच्या दिवशी सकाळी तेही उरकलं. तोंडावर झेंडूची दाट चादर लावली होती. छान दिसत होती. मी खूण केली.

लग्न अकराला, श्रीरामपूरला. कोपरगावहून दहाला निघालो आणि अर्ध्या वाटेतच तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. लिंबाच्या सावलीत थांबून मी इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं. भाऊ पाण्याची बाटली घेऊन धावला.

"ताई, झाकण काढ, ओततो."

"हात लावू नकोस. वाफ तोंडावर आली तर नवरीचा बाप पट्ट्या बांधून उभा राहील."

"मग पोरीला मागच्या गाडीत बसव. त्या गाडीला एसी तरी आहे."

"पप्पा, मी दुसऱ्या गाडीत बसणार नाही," भाची आतून म्हणाली. "आत्या, किती वेळ?"

"निवायला अर्धा तास."

भावाने पाळकसाहेबांना फोन लावला. मी वही काढली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासू लागले. कारण कळलं नाही, तर पुढे पाच किलोमीटरवर हेच होणार होतं. शेजारच्या उसाला पाणी देणारे एक म्हातारबाबा बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी वहीकडे पाहिलं, मग गाडीकडे.

"बाई, वाचताय काय? तिचं नाक तुमीच बांधलंय की. वारा कुठून जाईल?"

खरंच, सगळी जाळी फुलांनी बुजली होती. मी काही बोलायच्या आत भाची खाली उतरून चादर ओढू लागली.

"अगं, साडी!" भाऊ ओरडला.

"साडीचं मी बघते. तुम्ही ते टोक सोडवा."

निवल्यावर ओलं फडकं धरून झाकण उघडलं, पाणी थोडं थोडं ओतलं आणि निघालो. काटा मधोमध आला आणि तिथेच राहिला.

पावणेबाराला चर्चच्या फाटकातून आत शिरलो. पाळकसाहेबांनी लोकांना गीतांवर गीतं म्हणायला लावली होती. आवाज चांगलेच दमले होते. उतरल्यावर भाचीने गाडीच्या टपावर हात ठेवला. पत्रा तापलेला होता, तरी तिने हात लगेच काढला नाही.