मांडीवर चप्पल मारणारा

नवी चप्पल हातात आली की तो ती आधी स्वतःच्या मांडीवर मारायचा. फाड्! मग मान तिरकी करून डावा कान पुढे न्यायचा आणि आवाज ऐकायचा. चप्पल कच्ची असेल तर म्हणायचा, "नक्को सेठ. ओरडते ही."

अफझलगंजच्या मागच्या गल्लीत माझा रबरी चपलांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि दोन मशीन. त्याआधी मी फूटपाथवर चपला विकल्या, भाव करता करता गिऱ्हाइकांशी मारामाऱ्या केल्या, एकाचा दातही पाडला. नांदेडकडून आलेल्या शेतकऱ्याच्या पोराला या शहरात कुणी जागा करून देत नव्हतं. ती मी हिसकावून घेतली. तो चप्पल मारून ऐकणाराही आमच्याच भागातला. माझ्याकडे तळवे कापायला होता.

एकदा दुकानांत माल पोचवायला त्याला पाठवलं, तर संध्याकाळी सुजलेला ओठ घेऊन आला.

"कुणी मारलं रे?"

"एका बाईचा नवरा होता, सेठ. त्याला वाटलं मी बाईकडे बघतोय. मी तिच्या हाताकडे बघत होतो."

"हाताकडे कशाला?"

"ती दोन्ही चपला एकमेकींवर आपटून बघत होती. तीन जोड आपटले, चौथा घेतला. रंग बघितलासुद्धा नाही. दोन बुक्क्या खाल्ल्या, पण कामाची गोष्ट कळली."

मी हसलो. मग दुसऱ्या दिवशी स्वतः दुकानात जाऊन उभा राहिलो. खरंच, बायका चपला आपटत होत्या. तुम्हीही पाहिलं असेल, पण आपण बघतो आणि सोडून देतो. तो सोडत नसे.

नवी चप्पल घालून गिऱ्हाईक जुनी दुकानातच टाकून जातं. त्या जुन्या चपला त्याने पोतं भरून आणल्या आणि माझ्यासमोर ओतल्या. घाण वास सुटला. मी शिव्या घातल्या. त्याने एकेक उलटी करून दाखवली. तळवे शाबूत होते. अंगठ्याजवळच्या भोकातून मात्र पट्टा निसटलेला, जवळजवळ सगळ्यांचा.

"पट्ट्याचं तळव्याखाली अडकणारं बटण मोठं करा, सेठ. आणि रबरात खडूची भुकटी कमी. तिनेच भोक फाटतं."

मी दोन्ही केलं. सहा महिन्यांत दुकानदार माझ्या दारात येऊन भांडू लागले, आधी मला माल दे म्हणून. एकदा दोघांनी शेडमध्येच एकमेकांच्या गचांड्या धरल्या. मी मजेत बघत राहिलो.

मग बाजार खुला झाला. बाहेरच्या कंपनीच्या रंगीत, हलक्या चपला टीव्हीवर नाचू लागल्या. कंपनीची टाय लावलेली पोरं कोठीच्या चौकात छापील कागद घेऊन लोकांना विचारत, तुम्हाला कसली चप्पल आवडेल? लोक म्हणत, रंगीत, हलकी, स्वस्त. त्यातलाच एक कागद माझ्या हाती लागला आणि मी घाबरलो. खरं सांगतो, घाबरलो. ती भीती रागासारखी बाहेर पडत होती. मी त्या आठवड्यात चहाचे किती ग्लास फोडले, ते चहावाल्याला विचारा.

मीही गुलाबी आणि पोपटी माल काढला. स्वस्त पडावा म्हणून भुकटी भरपूर घातली. शेड छतापर्यंत भरली.

तो एकच गोष्ट सांगत राहिला. "तोंडाला विचारू नका, सेठ. हाताला विचारा."

माल दाखवायला मी दुकानदारांना बोलावलं. भाव ठरत आला होता. मी एकेक पैसा ओढत होतो, समोरचे वाकत होते. तेवढ्यात फाड् असा आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. पोपटी चप्पल त्याच्या हातात, मान तिरकी.

"सेठ, हा माल परत येणार."

मी ती चप्पल त्याच्या हातातून ओढली आणि तिनेच त्याच्या कानावर मारली. डाव्या कानावर, सगळ्या ताकदीने. तो भिंतीला धडकला. मी परत मारली. तिसऱ्यांदा हात उचलला, तर हातात नुसता पट्टा होता. कुणीतरी हसलं.

त्याच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली होती. त्याने खाली पडलेला तळवा उचलला, भोकात बोट घालून पाहिलं.

"दुसऱ्याच फटक्याला तुटली, सेठ," तो म्हणाला आणि निघून गेला.

माल परत आला, पोत्यांनी आला. मी पुन्हा जुनी चप्पल काढली आणि तरलो. तो काही आला नाही. मी निरोप पाठवला नाही. मालकाने निरोप पाठवायचा असतो का?

चार वर्षांनी तो मला मलकपेठच्या बाजारात दिसला. एका चपलांच्या दुकानाशी उभा राहून बायकांच्या हातांकडे बघत होता. मधेच एक चप्पल उचलून त्याने मांडीवर मारली, मान तिरकी करून ऐकली. बाजाराच्या कलकलाटात मी दोनदा हाक मारली. मग अगदी खांद्याशी जाऊन नावाने हाक मारली. त्याने वळूनही पाहिलं नाही. माझं डोकं फिरलं. त्याला तिथेच आडवा करावासा वाटला. घरी येऊन मी आरशावर मूठ मारली. बोटावरचा वण अजून आहे. माजला, असं मी पुढे कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात त्याच दुकानात माल द्यायला गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, तो वारला.

"मोठा शहाणा झाला होता," मी म्हणालो. "हाक मारली तर बघायचा नाही."

दुकानदाराने हातातला जोड खाली ठेवला. "उनो बाएं कान से बिल्कुल नै सुनते थे, सेठ. आपको मालूम नै? कारखाने में मशीन का पट्टा लगा बोलते थे."

पट्टा लागला. माझं नाव त्याने कधी घेतलंच नव्हतं.

मी काउंटरवरची एक चप्पल उचलून मांडीवर मारली. त्या दिवशी बाजारात तो नेमका कसा उभा होता, ते आठवू लागलो. चप्पल मारून त्याने मान उलट्या बाजूला वळवली होती, उजवा कान पुढे केला होता. मला ते दिसलं होतं. आणि मी त्याच्या डाव्या खांद्याशी उभा राहून ओरडत होतो. दोन पावलं टाकून समोर गेलो असतो, तर त्याने मला पाहिलं असतं.