चार पितळी रिंगा

मामांच्या निळ्या शर्टाला कुणी हात लावायचा नाही, असा घरात हुकूम होता. चार दिवस तो शर्ट दारामागच्या खुंटीवर लटकत होता आणि मामी येता-जाता त्याच्याकडे अशी बघत होती, की शर्टाच्या जागी मी असते तर आपण होऊन बादलीत उडी घेतली असती.

मामा शनिवारी निवृत्त झाले होते. रेल्वेचे डबे दुरुस्त करायच्या कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं एकच काम केलं, ते म्हणजे भाते शिवणं. गाडीत एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाताना मध्ये जो हलता बोळ लागतो, त्याच्या घड्याघड्यांच्या भिंतीला कारखान्यात भाता म्हणतात. वारा-पाऊस बाहेर ठेवायचा आणि गाडी वळली की आपणही वळायचं, एवढंच त्याचं काम. माणसं त्यातून घाईघाईने जातात, कुणी मान वर करून बघत नाही. मामांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. "लोकांना भाता दिसायला लागला, म्हणजे तो फाटलाय," असं ते म्हणायचे.

भाता तयार झाला की तो दोन डब्यांच्या मध्ये बसवायचा आणि बाहेरून नळीने जोरात पाणी मारायचं. त्या वेळी मामा आत उभे राहायचे, हाच निळा शर्ट घालून. निळ्यावर पाण्याचा थेंब पडला की लगेच काळा दिसतो. दहा मिनिटांनी बाहेर यायचं, जागच्या जागी गोल फिरायचं आणि सगळ्यांना पाठपोट दाखवायचं. असं कुठल्या नियमात नव्हतं, पण मुकादमांपासून सगळ्यांना याची इतकी सवय झाली होती की मामांचा शर्ट कोरडा म्हणजे भाता पास. शनिवारी शेवटचा भाता पास झाला, साहेबांनी भाषण केलं, चहा झाला आणि मामा तो शर्ट अंगावरच घालून घरी आले. आठवण म्हणून तो तसाच ठेवायचा होता.

"आठवणीला वास यायला लागलाय," असं म्हणून बुधवारी सकाळी मामीने शर्ट ओढला. धुण्याआधी खिसा उलटा केला, तशा चार पितळी रिंगा फरशीवर टणटणत पडल्या. एक मोरीकडे निघाली, तिला मी पायाने अडवलं.

मामा दाढी करत होते. आवाज ऐकून बाहेर आले, अर्ध्या गालाला साबण तसाच. रिंगा बघितल्या आणि मटकन खुर्चीत बसले.

"अहो, काय झालं?" मामी घाबरली.

"खालच्या घडीच्या आहेत ह्या," मामा म्हणाले. "लावायच्या राहिल्या."

मी या घरात लहानाची मोठी झाले आहे, त्यामुळे मला वेगळं सांगावं लागलं नाही. भाता दुहेरी कापडाचा असतो. बाहेरचं कापड पाऊस झेलतं, आतलं माणसांच्या बाजूला असतं. कितीही चांगलं शिवलं तरी दोन्हींच्या मध्ये थोडं पाणी झिरपतंच. ते उतरत उतरत सगळ्यात खालच्या घडीत येतं, म्हणून त्या घडीला अगदी शेवटी चार भोकं पाडून त्यांत पितळी रिंगा ठोकतात. टेबलावर ठेवल्या तर घरंगळतात, म्हणून मामा त्या शर्टाच्या खिशात ठेवायचे. शनिवारी भोकं पाडायला म्हणून त्यांनी हत्यार उचललं आणि तेवढ्यात फोटोसाठी हाक आली.

भोकंच नाहीत म्हटल्यावर पाणी साचणार. साचलेल्या पाण्याने घडी खाली लोंबणार, खालच्या लोखंडावर घासणार आणि एक दिवस धावत्या गाडीत फाटणार, नेमकं कुणी आतून जात असताना. शर्टावर यातलं काहीच दिसलं नसतं, कारण पाणी आत आलंच नव्हतं.

"मुकादमांना फोन करा," मामी म्हणाली.

मामांनी फोन उचलला आणि परत ठेवला. "आधी डोळ्यांनी बघून येतो."

"काय बघायचंय त्यात? रिंगा इथे आहेत!" मी तडकलेच. मामांवर माझा जीव आहे, पण त्यांचा ताठा मला लहानपणापासून सहन होत नाही. आणि या ताठ्याला एक जुनं कारण होतं, ते आम्हा तिघांनाही त्या क्षणी आठवलं होतं.

कारखान्यात शेजारच्या टेबलावर एक बाई भाते शिवायची. हात भराभर चालायचा म्हणून मामांनी तिचं नाव घाईबाई ठेवलं आणि तेच चिकटलं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या एका भात्याला चारऐवजी तीनच रिंगा निघाल्या. भाता अजून टेबलावरच होता, मामांनी चाचपून पाहिला म्हणून सापडलं. चौथी रिंग ठोकायला तिला दोन मिनिटं लागली असती. पण मामांनी मुकादमांना चिठ्ठी लिहिली आणि मुकादमांनी घाईबाईला भात्यांवरून काढून सीटची कव्हरं आणि ताडपत्र्या शिवायला बसवलं. ती अजून तिथेच आहे. मामा ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "पाणी नातं बघत नाही." तेव्हा मला ते वाक्य फार भारदस्त वाटायचं.

शेवटी आमचा सौदा ठरला. मामांचा शेवटचा भाता ज्या गाडीला लागला होता, ती दहाला आमच्या स्टेशनवर येते आणि एकला शेवटच्या स्टेशनवर पोचून तिथे तासभर थांबते. तिथे खाली वाकून बघायचं, आणि रिंगा नसल्या तर तिथल्या तिथे स्टेशनमास्तरांना सांगून डबा काढायला लावायचा. मी सोबत जाणार, कारण मामांच्या एकट्याच्या शब्दावर सोडायला मामी तयार नव्हती. मामांनी उरलेली दाढी केली आणि आम्ही निघालो.

गाडीत बसायला जागा होती, पण मामा सहाव्या आणि सातव्या डब्याच्या मधल्या, त्यांच्या भात्याच्या बोळात जाऊन उभे राहिले. दहा मिनिटांत बाहेर पावसाने जोर धरला. एरवी पाऊस आला की मामा भात्याकडे कौतुकाने बघायचे. त्या दिवशी प्रत्येक सरीला ते तळाकडे बघत होते. ते खाली बसले, भिंतीला तळवा लावला, मग कान लावला.

"डुचमळतंय का गं?"

मी कान लावला. मला चाकांशिवाय काही ऐकू आलं नाही, तसं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

जाणाऱ्या-येणाऱ्यांना आमची अडचण व्हायला लागली. एका जाड्या गृहस्थांनी पाय उचलून मामांना ओलांडलं आणि विचारलं, "काही हरवलंय का?"

"हो, चार रिंगा," मामा म्हणाले.

तेही बिचारे वाकून शोधायला लागले. रिंगा मामांच्या मुठीत आहेत हे त्यांना सांगायचा मला धीर झाला नाही.

एका लहान मुलीला तिची आई हाताला धरून घेऊन आली. पोरगी बोळाच्या तोंडाशी थबकली. खालच्या लोखंडी पाट्या हलत होत्या, तिला भीती वाटत होती. "काही होत नाही, चल," आई म्हणाली. मामा उठून भिंतीला चिकटून उभे राहिले आणि ती पलीकडे जाईपर्यंत तिच्या पावलांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे कागद-पेन मागितलं.

भिंतीवरच कागद धरून त्यांनी लिहिलं. अक्षर गाडीबरोबर हलत होतं. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं. मुकादमांच्या नावे चिठ्ठी होती: 'खालच्या घडीतील रिंगा बसवण्यात कसूर झाली आहे. अशा हाताला भात्याचे काम देणे धोक्याचे आहे.'

"हे तर," मी म्हटलं, "तिच्याबद्दल लिहिलं होतंत ना, तेच!"

"शब्दन् शब्द तोच आहे," मामा म्हणाले. "तेव्हा लिहायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नव्हती."

मला त्यांचा राग यायचा थांबला. नुसतं वाईट वाटायला लागलं.

एकला गाडी शेवटच्या स्टेशनच्या छपराखाली जाऊन उभी राहिली. माणसं उतरून पांगेपर्यंत आम्ही थांबलो. मग मामा फलाटाच्या कडेला, बाहेर जायच्या चांगल्या पँटमध्ये, सरळ पालथे पडले आणि दोन डब्यांच्या फटीतून मान खाली घातली. मी त्यांचे पाय धरले.

ते मान खाली घालून बघतच राहिले. मला वाटलं, संपलं.

"अहो मामा, काय दिसतंय?"

"तूच बघ," ते म्हणाले.

मीही त्यांच्या शेजारी पालथी पडले. छपराखाली आल्यामुळे बाहेरचं पाणी केव्हाच निथळून गेलं होतं. पण भात्याच्या अगदी तळाशी, सारख्या अंतरावर, चार बारीक धारा रुळांवर पडत होत्या. एक, दोन, तीन, चार. मी तीनदा मोजल्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि मामांकडे बघितलं तर ते फलाटावर गाल टेकून हसत होते आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. एक हमाल थांबून म्हणाला, "आजोबांना चक्कर आली का?" मी म्हटलं, "नाही, बरं वाटतंय त्यांना."

उठून कपडे झटकताना मामा एकदम थांबले. पुन्हा वाकले. "पितळी नाहीत. पांढऱ्या आहेत."

"असू दे ना पांढऱ्या!"

"भात्याला पितळी लागतात. पांढऱ्या रिंगा कारखान्यात एकाच टेबलावर असतात," मामा म्हणाले. "ताडपत्रीच्या."

परतीच्या गाडीत आम्ही बसून आलो. बिस्किटांचा पुडा संपवला, मामांनी खिडकीतून पावसाकडे जुन्या ओळखीने पाहिलं. मी म्हटलं, "आता ती चिठ्ठी फाडा. काही झालंच नाही." मामा म्हणाले, "तिच्या वेळीही काही झालं नव्हतं." आणि चिठ्ठीखाली आणखी काहीतरी लिहीत बसले.

दुसऱ्या दिवशी मामी आणि मी दोघी त्यांच्याबरोबर कारखान्यात गेलो. एकटे गेले असते तर अर्ध्या वाटेवरून परत येऊन आम्हाला काहीबाही सांगितलं असतं, इतपत आम्ही त्यांना ओळखतो. घाईबाई मशीनवर होती. हिरवं सीट कव्हर सुईखालून सरसर सरकत होतं. मामांनी तिच्यासमोर चार पितळी रिंगा ठेवल्या.

तिने मशीन थांबवलं. रिंगांकडे बघितलं, मग मामीकडे. "मी म्हणतच होते, शर्ट धुतायत तरी कधी!"

मामी हसली, मीही हसले. मामांना हसू येईना. "तू सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते की. पण साहेबांचं भाषण चाललेलं आणि तुम्ही रडत होतात, मास्तर. रडणाऱ्या माणसाच्या कानात काय सांगू, तुमची भोकं राहिली म्हणून? तुम्ही सगळे चहाला गेलात, मी खाली शिरले, भोकं पाडली, माझ्याकडच्या रिंगा ठोकल्या. कपडे भिजले तेवढेच."

"पण तुला कळलं कसं?"

"पाणी बंद केल्यावर सगळे तुमचा शर्ट बघत होते," ती म्हणाली. "मी खाली बघत होते. खालून काहीच गळेना. अकरा वर्षं झाली, कुठल्याही भात्याला पाणी मारलं की माझी नजर आधी खालीच जाते."

मामांनी मान खाली घालून, सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझं चुकलं. आत्ता नाही, तेव्हा." घाईबाईने उगाचच सीट कव्हर झटकलं. "बरं, बरं," ती म्हणाली. पण तिने पदराने डोळे टिपले, ते मी पाहिलं.

मुकादमांनी चिठ्ठी दोनदा वाचली. खाली मामांनी लिहिलं होतं: 'वरील कसूर माझी आहे. ती जिने दुरुस्त केली तिच्याविषयी हेच शब्द मी पूर्वी लिहिले होते, ते मागे घेतो. भात्याच्या कामाला याहून चांगला हात इथे नाही.' मुकादम म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर निवृत्त झालात. आता मी शिक्षा कुणाला करू?" आणि मग मामांच्या रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाले, "बाहेरून माणूस मागवणार होतो. मागवत नाही."

तीन आठवड्यांनी घाईबाईचा निरोप आला. भाता झालाय, पाणी मारणार आहोत, मास्तरांनी यावं. मामांनी धुतलेला निळा शर्ट घडी करून बरोबर घेतला. तिने तो एप्रनवरून चढवला आणि बाह्या दुमडून ती आत जाऊन उभी राहिली. मामा बाहेर रुळांच्या कडेला उकिडवे बसले. बत्तीस वर्षांत ते या बाजूला कधी बसले नव्हते.

दहा मिनिटं पाणी मारलं, मग नळ बंद केला. बाहेरचं पाणी निथळलं.

"आत कोरडं!" घाईबाई ओरडली. "बाहेर किती?"

मामा खाली वाकून बोटाने मोजत होते. सगळं झालं आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मुकादम चुळबुळायला लागले.

"चार!" मामांनी हाक दिली. "चारच्या चार!"

घाईबाई बाहेर आली. शर्ट कोरडा होता, पण तो तिने कुणाला दाखवला नाही. ती मामांच्या शेजारी उकिडवी बसली आणि तिने स्वतः मोजल्या. मामांनी सरकून तिला जागा करून दिली.