सोमीचा राब

जव्हारला शहर म्हणावं की नाही, यावर तिथलीच माणसं दिवसभर वाद घालतील. कागदोपत्री मात्र ते शहर आहे, म्हणून शहरी शेतीचा नवा कायदा तिथेही लागू झाला. पडीक सरकारी जागा लोकांना पिकवायला द्यायच्या, बियाणं आणि पाणी पुरवायचं, असं त्यात होतं. सुदर्शनने हे आईला सांगितलं तेव्हा सोमी पोट धरून हसली. "म्हंजी शेती करायला आता गाव सोडून शहरात यावा लागंल?"

पोशेरा गाव तर तिने सोडलंच होतं. नवरा फागू गेला, पाठोपाठ बांधावरून घसरून तिचा पाय मोडला, आणि मास्तरकी करणारा सुदर्शन तिला जव्हारच्या आपल्या दोन खोल्यांत घेऊन आला. मुलगा गुणाचा, सून रविना मायेची, नाव ठेवायला जागा नाही. पण चार वर्षं झाली तरी सोमीचा जीव काही रमला नाही. सकाळी चहा हातात घेऊन ती गॅलरीत जायची आणि मोखाड्याच्या बाजूचे डोंगर बघत चहा गार करून टाकायची. तिकडे उतारावरचं तिचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, शेत ओसाड पडलं होतं. 'मला नेऊन सोड' म्हटलं की सुदर्शनचं ठरलेलं असे, "पुन्हा पडलीस तर उचलणार कोण?"

आईला माती मिळाली की ती शांत होईल, असं वाटून सुदर्शनने अर्ज केला. एप्रिलमध्ये बसस्टँडमागचा दोन गुंठ्यांचा तुकडा सोमीला मिळाला. मुलाने एकेक नियम वाचून दाखवला. कचरा जाळायचा नाही, हाही त्यात होता. सोमीने खुशाल मान डोलावली. कचरा जाळायला ती थोडीच चालली होती?

मग पंधरा दिवस तिने पालापाचोळा, वाळक्या फांद्या आणि शेण गोळा केलं. जमिनीच्या एका कोपऱ्यावर त्याचे थर दिले, वर माती पसरली आणि मे महिन्यातल्या एका सकाळी वारा कुठला आहे ते बघून काडी लावली. डोंगरात सगळे हेच करतात. राब भाजायचा, भाजलेल्या मातीत बी पेरायचं, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमाने येतं; पावसात तेच उपटून शेतात लावायचं. सोमीच्या लेखी इथूनच पेरणी सुरू होते. धुराचा वास नाकात गेला आणि तिचे डोळे भरून आले. किती दिवसांनी तिला आपण आपल्या घरी आहोत असं वाटलं.

धूर समोरच्या बंगल्यांत शिरला आणि तक्रार झाली. पाहणीला आलेले साहेब तसे भले होते. "आजी, जाळायला बंदी आहे, माहीत नाही का?"

"जाळला कुठं साहेब? राब भाजला. राब नाय भाजला तं नागली कशी येल?"

साहेबांनी डोकं खाजवलं आणि लिहून घेतलं. कागद यायला जुलै उजाडला. तोवर नागलीची रोपं वीतभर झाली होती. कागदात लिहिलं होतं, जागा परत घेण्यात येईल. मात्र माफीनामा देऊन, नागली उपटून, सोबतच्या यादीतली भाजी लावली तर जागा राहील.

सुदर्शनने त्याच संध्याकाळी माफीनामा लिहून आईपुढे ठेवला. "सही कर, आई. पालक लाव, मेथी लाव. माती तर राहील तुझ्याकडे."

सोमीने पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं. "पोरा, माती चांगली हाये. पन ती माझी नाय. मला भाजी नाय लावायची. मला घरी जायचाय."

आजवर तिने हे थट्टेत म्हटलं होतं, कुरकुरत म्हटलं होतं. इतकं सरळ कधी म्हटलं नव्हतं. सुदर्शनने माफीनामा उचलला आणि घडी करून खिशात टाकला.

सकाळी सोमीने सगळी रोपं उपटून ओल्या गोणपाटात बांधली. उपटलेली रोपं वाट बघत नाहीत; दोन दिवसांत जमिनीत गेली नाहीत तर मातीमोल. सुदर्शनने पोशेऱ्यात शेजारच्या कोंडीला फोन करून आईच्या सोबतीला राहायला सांगितलं, गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि आईला मोखाड्याच्या जीपपर्यंत आणलं.

रोपं होती जेमतेम शेताच्या एका तुकड्यापुरती. दोन दिवसांचं काम, फार तर तीन.

"आई, रविवारी न्यायला येतो," तो म्हणाला.

सोमीने गाठोडं मांडीवर ओढून घेतलं. "रविवारी नको. नागली कापून झाली का ये."

नागली कापायला दिवाळी येते, हे मास्तरला कुणी शिकवायला नको होतं. त्याने मान हलवली आणि जीपचं दार बाहेरून लावून घेतलं.