गाडीला आवतन

वणीतले आवतनभाऊ कुठलीही गाडी उघडण्याआधी तिला आवतन देत, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना देतात तसं. संध्याकाळी बोनेटवर तळहात टेकवून हळूच म्हणत, "आज आवतन घे, उद्या कामाले ये." मग गाडी रात्रभर त्यांच्या अंगणात. त्यांचं खरं नाव बहुतेकांना ठाऊकच नव्हतं.

मोटारीचं वायरिंग हा त्यांचा धंदा. तापलेल्या गाडीला ते हात लावत नसत. "तपेल माणूस अन् तपेल गाडी, दोघंही खोटं बोलते," म्हणायचे. इंजिन गार होताना आत टिकटिक होते, तेव्हा ते कुणाला बोलू देत नसत. मधूनच त्या आवाजाला "हं" म्हणत.

मी त्यांच्याकडे गेलो तो आईच्या डोळ्यासाठी. बाबा झरीकडच्या गावांतून आपल्या जुन्या मोटारीने वणीला प्रवासी आणत. जंगलातल्या रस्त्यावर त्यांच्या छातीत कळ आली. गाडी कडेला घेतली आणि ते गेले. तिथल्या लोकांनी त्याच गाडीतून, नाल्यातल्या दगडांवरून त्यांना घरी आणलं. नंतर गाडी सुरू केली, तर समोर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. मेकॅनिकने सायलेन्सरच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. दिवा विझला आणि पुन्हा लागला.

आई म्हणाली, "ते आतच हायेत, म्हून दिवा विझत नाही. त्यांच्या अंगावर बसू कशी मी?"

"मंग यवतमाळले एसटीनं जाऊ."

"अन् त्यांले टाकून जाऊ?"

तिचा मोतीबिंदू पिकला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आता उशीर केला तर डोळा जाईल. मी घरातला पहिला पदवीधर. तरी गाडी घेऊन मी आवतनभाऊंकडे गेलो आणि आईचं म्हणणं त्यांना सांगितलं.

भाऊ हे ऐकून हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. त्यांनी गाडीला आवतन दिलं आणि मला म्हणाले, "सकाळी वहिनीले घेऊन ये. त्यायच्याशिवाय मी खोलत नाही."

सकाळी ते गाडीखाली शिरले आणि तिथूनच आईशी बोलू लागले. "या सेन्सरात बारका हिटर असते, वहिनी. तो गरम झाल्याशिवाय सेन्सरले धुराची पारख होत नाही. हिटर तर चांगला हाय, मीटर सांगून राह्यला. पण त्याले करंट भेटून नाही राह्यला." वायरीला लावलेला टेस्ट लॅम्प पेटत नव्हता. ते बोटांनी वायर चाचपत गेले आणि थांबले. "दगडाचा मार हाय इथं. वायरीची पट्टी तुटली, वायर सायलेन्सरवर पडून जळाली. वहिनी, हे दादाले घरी आणलं त्याच दिवसाचं हाय."

आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, कारण सापडलं, सुटलो. पण भाऊंनी वायर जोडली नाही.

"जोडू का, वहिनी? जोडली का दिवा जाईन."

"मले काय विचारता? त्यांले विचारा."

मी मध्ये बोलणार होतो. भाऊंनी खालूनच हात काढून मला गप्प केलं. त्यांची हालचाल थांबली. इंजिन रात्रभर बंद होतं, बोनेटवर दव होतं. तरी आत टिकटिक झाली.

"हाव म्हणते, जोडा म्हणते," खालून आवाज आला.

"कसं म्हणले?" आईने विचारलं.

"हाव, हाव. घाईत असल्यावानी."

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच हसली. "पॅसेंजर खोळंबले का असेच म्हणत." आणि ती चाचपडत पुढचं दार शोधू लागली.

भाऊंनी नवी वायर टाकली, यंत्र लावून बिघाडाचा जुना कोड पुसला. दिवा विझला. आम्ही तिथूनच यवतमाळला निघालो. आईचा डोळा वाचला.

आता भाऊ नाहीत. त्यांना खरंच काही ऐकू आलं होतं, की ते आईसाठी बोलले, हे मी कधी विचारलं नाही. त्या दिवशी वाटेत मारेगाव मागे पडल्यावर आई माझ्याकडे वळून म्हणाली होती, "आरामानं चालव, बाबू. ते मांगच्या सीटवर गेले आता. म्हणते, पोराले चालवू दे."

यवतमाळ येईपर्यंत मी आरशात पाहिलं नाही.